जुलाब थांबले, पण माणूस उठेना : पोटॅशियम, पोटाची औषधे आणि आपले दान

(निघोजे येथे झालेल्या स्वयंसेवक व देणगीदारांच्या मेळाव्यात, आपल्या वाडी-वस्तीवरील आरोग्य शिबिरांत सेवा करणाऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळ्याआधी पोटाच्या आजारांवर बोला, असे मला सांगण्यात आले. पाणी उकळून प्या, हात साबणाने धुवा, उघड्यावरचे खाऊ नका, हे आपण दरवर्षी सांगतो आणि पुढेही सांगत राहू. आज मात्र मी त्याच्या पुढच्या टप्प्याविषयी बोलणार आहे. जुलाब दोन-तीन दिवसांत आटोक्यात येतात, घरचे म्हणतात, "आता बरं आहे," पण माणूस अंथरुणातून उठत नाही. पाय लटपटतात, पोटऱ्यांत गोळे येतात, पोट नगाऱ्यासारखे फुगते, छातीत धडधड होते. असे रुग्ण आपल्या शिबिरात दर पावसाळ्यात येतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या रक्तात पोटॅशियम कमी झालेले असते.

निघोजे गावाची जागाच पाहा. एका अंगाला इंद्रायणी, दुसऱ्या अंगाला चाकणची एमआयडीसी. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-झारखंडातून आलेली कंत्राटी मुले एका खोलीत पाच-सहा जण राहतात आणि मेसचा डबा खातात. आसपासच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे हंगामापुरती येतात. खेड तालुक्यात पश्चिमेकडे, भीमाशंकरच्या डोंगराकडे गेलो, की ठाकर आणि महादेव कोळी बांधवांच्या वाड्या लागतात. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. आजारी पडले की रोज बुडतो. त्यामुळे सगळ्यांना एकच हवे असते : "डॉक्टर, सलाईन लावा, इंजेक्शन द्या, उद्या कामावर जायचंय."

पोटॅशियम म्हणजे काय आणि ते जाते कुठे?

पोटॅशियम हा मिठासारखाच एक क्षार आहे. आपल्या शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत, मुख्यतः स्नायूंत असते. रक्तात फक्त दोनेक टक्के. रक्ताच्या तपासणीत त्याचा आकडा ३.५ ते ५ च्या दरम्यान असावा लागतो. ३ च्या खाली गेला की अशक्तपणा, गोळे, बद्धकोष्ठ सुरू होते. २.५ च्या खाली गेला तर हातपाय लुळे पडू शकतात, श्वासाचे स्नायू थकू शकतात आणि हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. कारण स्नायू आकुंचन पावणे आणि हृदयाचा ठोका पडणे, दोन्ही या क्षाराच्या आत-बाहेर होण्यावर चालते.

जुलाबात पोटॅशियम शौचावाटे सरळ बाहेर जाते. उलट्यांत गंमत वेगळी आहे. उलटीच्या पाण्यात पोटॅशियम फार नसते. पण पोटातले आम्ल बाहेर गेले की रक्ताचा तोल बिघडतो आणि तो सावरण्याच्या धडपडीत मूत्रपिंडे लघवीवाटे पोटॅशियम टाकू लागतात. म्हणून "जुलाब नाहीत, फक्त उलट्या आहेत" असे म्हणून निश्चिंत राहू नये. त्यात आपल्याकडची जुनी सवय : पोट बिघडले की खाणे बंद. आत काही जात नाही आणि बाहेर जाणे सुरूच असते.

आतड्याची भिंतही स्नायूचीच आहे. पोटॅशियम कमी झाले की आतडे मंदावते, वायू सरत नाही, पोट फुगते. घरच्यांना वाटते जुलाब बंद झाले. प्रत्यक्षात आतडे थकून थांबलेले असते. जुलाबानंतर पोट फुगून ताणले गेले आणि वायू सरेना, तर तो माणूस दवाखान्यात नेण्याजोगा आहे, हे आपल्या प्रत्येक स्वयंसेवकाने पक्के लक्षात ठेवावे.

२०२५ चा धडा

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गिलेन-बारे आजाराची साथ आली. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण आढळले. अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. तेव्हापासून जुलाबानंतर कोणाचे पाय अशक्त झाले, की लोक घाबरून विचारतात, "डॉक्टर, तो जीबीएस तर नाही ना?"

प्रश्न योग्य आहे. जीबीएसमधला अशक्तपणा बहुधा जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी येतो, पायांत मुंग्या येऊन वर-वर चढतो. पोटॅशियमचा अशक्तपणा जुलाब चालू असताना किंवा लगेच मागोमाग येतो. पण हा फरक आपण घरी बसून करायचा नाही. रक्तातील क्षारांची साधी तपासणी त्याच दिवशी उत्तर देते, आणि पोटॅशियम कमी निघाले तर ते भरून काढता येते. जुलाबानंतर उकिडवे बसलेला माणूस हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठत नसेल, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या.

सलाईनचा हिशेब

आता सलाईनचा हिशेब करू. आकडे मिलिमोल या मापातले आहेत. माप विसरलात तरी चालेल, तुलना लक्षात ठेवा.

साध्या सलाईनमध्ये, म्हणजे नॉर्मल सलाईनमध्ये, पोटॅशियम शून्य. ग्लुकोजच्या बाटलीत शून्य. उलट ग्लुकोज शिरेतून गेले की शरीरात इन्सुलिन वाढते आणि रक्तातले उरलेसुरले पोटॅशियम पेशींत ढकलले जाते, म्हणजे रक्तातला आकडा आणखी घसरतो. रिंगर लॅक्टेटच्या अर्धा लिटरच्या बाटलीत पोटॅशियम २. एका मध्यम केळ्यात साधारण ९ ते १०. ओआरएसच्या एक लिटरच्या पुड्यात २०.

आणि गरज किती? रक्तातला आकडा ४ वरून ३ वर आला, तर शरीराच्या साठ्यातून ढोबळमानाने २०० ते ४०० गेलेले असतात. तीन बाटल्या रिंगर लॅक्टेट लावल्या तर मिळाले ६. मजुराची दोन दिवसांची कमाई त्या बाटल्यांत गेली आणि पोटॅशियमचा खड्डा तसाच राहिला.

याचा अर्थ सलाईन वाईट आहे असा घेऊ नका. डोळे खोल गेले आहेत, नाडी लागत नाही, पाणी पोटात ठरत नाही, अशा रुग्णाचा जीव सलाईननेच वाचतो. पण जो तोंडाने पिऊ शकतो, त्याला तोंडानेच द्यावे. ओआरएस, सोबत वरणाचे पाणी, नाचणीची पेज, ताक, केळे, उकडलेला बटाटा, रताळे, शहाळे. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी असते. म्हणून जोराच्या जुलाबात शहाळे ओआरएसच्या जोडीला द्यावे, त्याच्याऐवजी नाही. घरगुती साखर-मीठ-पाणी, म्हणजे एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे पुडा मिळेपर्यंत उत्तम. त्यात पोटॅशियम नसते, ते केळ्यातून आणि वरणाच्या पाण्यातून यावे लागते.

एक सावधानता. दुकानात रंगीत खोक्यांत गोड पेये मिळतात आणि त्यांतल्या काहींवर आजवर "ओआरएस" असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असायचे. त्यांत साखर फार असते आणि क्षार कमी. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध बरीच वर्षे लढा दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर हे नाव वापरण्यास मनाई केली. आपण मेडिकलमधून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा, एक लिटरचा पुडाच मागायचा.

पोटाची औषधे आणि हृदय

आता औषधांकडे येतो. मागच्या पावसाळ्यात वीटभट्टीवरची एक बाई आमच्या शिबिरात आली. आठ दिवस जुलाब, मग उलट्या. तिच्या पदराच्या गाठीत गोळ्यांच्या चार पट्ट्या होत्या, वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या. एक उलटीची, एक जंतूंवरची, एक आम्लपित्ताची, एक जुलाब बांधण्याची. शिवाय तिला दोन दिवस ग्लुकोज लावले होते. एका ओळीत तिघी बसल्या होत्या, त्यांत ही भिंतीला टेकलेली. ईसीजी काढला, त्यात पोटॅशियम कमी असल्याच्या खुणा दिसल्या, म्हणून तिला लगेच रुग्णालयात हलवले. तपासणीत पोटॅशियम २.४ निघाले. चार दिवसांनी ती चालत घरी गेली. यातले एकेक औषध आपापल्या जागी उपयोगाचे आहे. पोटॅशियम कमी असताना ती सगळी एकत्र आली की धोका होतो.

तो धोका कसा ते सांगतो. ओंडान्सेट्रॉन आणि डोम्पेरिडोन ही उलटीची औषधे, अझिथ्रोमायसिन आणि ऑफ्लोक्सासिनसारखी जंतूंवरची औषधे, यांमुळे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ थोडा लांबतो. निरोगी माणसाला ते बहुतेक वेळा जाणवतही नाही. पण पोटॅशियम कमी असले तर तोही वेळ लांबवते. दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की ठोक्यांची लय अचानक बिघडू शकते. याच कारणाने सिसाप्राइड हे पोटाचे एके काळी खूप खपणारे औषध अमेरिकेत २००० साली बाजारातून काढले गेले आणि भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली.

जुलाब बांधणारी लोपेरामाइडची गोळी लहान मुलांना देऊ नये. रक्त-आव पडत असेल किंवा ताप असेल तर मोठ्यांनीही घेऊ नये. पोट आधीच फुगले असेल तर मुळीच नाही.

आम्लपित्ताच्या गोळ्या, ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, अनेकांच्या घरी वर्षानुवर्षे चालतात. सकाळी चहाआधी एक गोळी, कोणी विचारत नाही. दीर्घकाळ घेतल्यास काहींच्या रक्तातले मॅग्नेशियम कमी होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये याबद्दल इशारा दिला आहे. मॅग्नेशियम कमी असले की मूत्रपिंडे पोटॅशियम धरून ठेवू शकत नाहीत. मग कितीही पोटॅशियम द्या, आकडा वर येत नाही. जेव्हा पोटॅशियम देऊनही वाढत नाही, तेव्हा मॅग्नेशियम तपासायला हवे.

रक्तदाबाच्या औषधांचे दोन गट लक्षात ठेवा. लघवी वाढवणारी औषधे, जसे फ्युरोसेमाइड, हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, पोटॅशियम कमी करतात. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याला तर पोटॅशियम थोडे घसरले तरी त्या औषधाची विषबाधा होऊ शकते. याउलट रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधे पोटॅशियम वाढवतात. जुलाबाने शरीर कोरडे पडले असताना हे सगळेच घोळ घालू शकते. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळीही अशा वेळी त्रास देऊ शकते. म्हणून रक्तदाब, हृदय किंवा साखरेची गोळी घेणाऱ्याला जोराचे जुलाब-उलट्या लागल्या, तर त्याने त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना विचारावे, कोणती गोळी चालू ठेवू आणि कोणती थांबवू. मनाने बंद करू नये, मनाने चालूही ठेवू नये.

"ताकदीचे इंजेक्शन" म्हणून कुठे कुठे स्टेरॉइड टोचले जाते. तेही पोटॅशियम घटवते. आणि पोट साफ होण्यासाठी रोज सोनामुखीचे चूर्ण घेणारे वडीलधारे आपल्याच घरांत आहेत. औषधी वनस्पती झाली तरी रोजचे कृत्रिम जुलाब ते जुलाबच.

पोटॅशियमचे औषध कसे घ्यायचे?

कमतरता असली तर पोटॅशियम क्लोराइड औषध म्हणून देतात. त्याची गोळीही येते आणि पातळ औषधही. पोटाचा आजार असलेल्याला यातली निवड महत्त्वाची आहे. गोळी हळूहळू विरघळणारी असते. अन्ननलिका अरुंद असेल, आतड्याच्या क्षयामुळे आतडे कुठे आवळले असेल किंवा आतड्याची गती मंदावली असेल, तर ती गोळी एकाच जागी अडकून तिथे जखम, रक्तस्राव, क्वचित छिद्रही करू शकते. आपल्या वाड्यांवर क्षय अजून आहे, म्हणून हे आपल्याला दूरचे नाही. अशा रुग्णाला पातळ औषधच बरे. बाजारातल्या नेहमीच्या पातळ औषधात १५ मिलिलिटरला २० मिलिमोल पोटॅशियम असते. ते तसेच घशाखाली ओतू नये. पेलाभर पाण्यात मिसळून, जेवणानंतर, घोट घोट घ्यावे. चव खारट-तुरट आणि वाईट लागते. कोरडे घेतले तर मळमळ वाढते, मग रुग्ण औषधच सोडतो. मुतखड्यासाठी मिळणारे पोटॅशियम सायट्रेट हे वेगळे औषध आहे. उलट्यांनंतर क्लोराइडचीही भरपाई लागते, म्हणून एकाच्या जागी दुसरे आपल्या मनाने घेऊ नये.

काहीच पोटात ठरत नसेल किंवा आकडा फार खाली असेल, तर पोटॅशियम शिरेतून द्यावे लागते. ते रुग्णालयातच, सलाईनमध्ये मिसळून, अगदी सावकाश. हाताच्या शिरेतून तासाला साधारण १० पेक्षा जास्त नाही. ते थेट सुईने शिरेत सोडले तर हृदय बंद पडते. वाडीवर, घरात, खाटेवर हे कधीही होऊ देऊ नका.

आणि ज्याची मूत्रपिंडे कमजोर आहेत त्याला पोटॅशियम वाढणे तितकेच घातक. "कमी सोडियमचे मीठ" म्हणून जे विकले जाते, त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम क्लोराइडच असते. मूत्रपिंडाच्या रुग्णाने ते विचारल्याशिवाय वापरू नये. म्हणून आजचे ऐकून कोणी घरी जाऊन पोटॅशियमची बाटली आणू नये. केळे, वरण, ओआरएस हे बहुतेकांना चालते. औषध मात्र तपासणीनंतरच.

लहान मुले

आईचे दूध जुलाबात थांबवू नये. प्रत्येक जुलाबानंतर ओआरएस, आणि सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंक २० मिलिग्रॅम रोज, १४ दिवस. त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे. कुपोषित मुलाच्या शरीरात पोटॅशियम आधीच कमी असते. त्याला जुलाब लागले तर त्याचे उपचार वेगळ्या मापाने होतात, म्हणून असे मूल अंगणवाडीताई किंवा आशाताईंच्या मदतीने थेट पोषण पुनर्वसन केंद्रात पोचवायचे.

साध्या गोष्टींचे सामर्थ्य

१९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा यांचे पुडे करून ते पाण्यात मिसळून पाजायला सांगितले. पाजणारे बहुतेक रुग्णांचे नातेवाईकच होते. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. पोटॅशियम नंतर या सूत्रात कायमचे आले.

आपल्या महाराष्ट्रात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच, कित्येकदा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका केले. जुलाब झालेल्या बाळाला काय पाजायचे हे त्या बायका घराघरांत शिकवत गेल्या. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण त्यांच्या कामाचे खरे मोल त्या बायकांच्या हातात होते. आपल्या वाड्यांवरही ठाकर आणि कातकरी भगिनी हे करू शकतात. त्यांना पेज, आंबील, कंदमुळे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत.

आपल्या दानाविषयी

शेवटी मंडळीला चार विनंत्या.

पहिली. उपासनेनंतर दानपेटीशेजारी आपण घरातल्या उरलेल्या गोळ्या ठेवता. भावना मोठी आहे, पण कृपया ठेवू नका. अर्धवट पट्ट्या, संपत आलेली मुदत, कोणासाठी लिहिलेले कोणते औषध, यातून वाडीवर त्या पदराच्या गाठीसारख्याच गाठी तयार होतात.

दुसरी. त्याऐवजी ओआरएसचे पुडे, झिंकच्या गोळ्या आणि एक लिटरचे माप असलेली भांडी द्या.

तिसरी. रक्तातील क्षारांची तपासणी, ईसीजी आणि गाडीभाडे यांसाठी एक छोटा निधी वेगळा ठेवा. आमच्याकडे येणारा रुग्ण औषधाविना राहत नाही. तो तपासणीविना आणि गाडीविना राहतो. रात्री वाडीवरून राजगुरुनगर किंवा चाकण गाठायला जीप सांगावी लागते, आणि तिथेच घरचे म्हणतात, "सकाळी बघू."

चौथी कारखान्यांत काम करणाऱ्या तरुणांसाठी. तुमच्या लाइनवरचा, तुमच्या खोलीतला कंत्राटी मुलगा जुलाबानंतर कामावर आला आणि जिना चढताना थांबू लागला, तर त्याला इलेक्ट्रॉलची बाटली आणि "आराम कर" एवढ्यावर सोडू नका. सोबत जा. डॉक्टरांपुढे त्याच्या सगळ्या गोळ्या ठेवा आणि विचारा, "याचं पोटॅशियम तपासायचं का? या गोळ्या एकत्र चालतील का?" हे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने जखमा बांधल्या हे आपल्याला आठवते. पण त्याने जखमीला आपल्या जनावरावर बसवले, सराईत नेले, सराईवाल्याला पैसे दिले आणि परत येताना उरलेला खर्च भरीन असेही सांगितले. गाडी, मुक्काम, पैसा आणि पुन्हा येऊन पाहणे. पोटॅशियम कमी झालेल्या रुग्णालाही नेमके हेच लागते. एकदा आकडा वर आला म्हणजे काम संपले असे होत नाही. आठवड्याने पुन्हा तपासावे लागते, जुलाब कशाने झाले ते शोधावे लागते, पाणी कुठले पितात ते पाहावे लागते. त्यासाठी कोणीतरी परत जायला हवे.

आपल्यापैकी काही जण यंदाच्या पावसाळ्यात आमच्याबरोबर परत परत याल, अशी आशा धरतो. प्रभू आपणांस व आपल्या कुटुंबांस आशीर्वाद देवो, आणि वाडी-वस्तीवरच्या आपल्या बंधुभगिनींना आरोग्य देवो. आमेन.